मत्राच्या गच्चीवर मुंबई

मस्कतला जाऊन आलो म्हटल्यावर धामणकर नाक्यावर मला सगळ्यांनी दोनच प्रश्न विचारले. सोनं किती आणलं, आणि उंट पाहिला का. सोनं आणलं नाही. उंट एकच पाहिला, तोही टेम्पोत बसून कुठेतरी निघालेला. तरी माझा चेहरा समाधानी दिसतो आणि हातात काहीच दिसत नाही, याचा कुणाला मेळ लागेना. तो लागावा म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

मी भिवंडीत मराठी शाळेत शिक्षक. मूळचे आम्ही खारबावचे, खाडीकाठी भात पिकवणारे. माझी धाकटी बहीण मंगल लग्नानंतर नवऱ्याबरोबर ओमानला गेली. तिचा नवरा दत्ताराम तिथे एका बांधकाम कंपनीत क्रेन चालवतो. त्यांचा मुक्काम मस्कतपासून तीन तासांवर, डोंगरापलीकडे, कंपनीच्या कॅम्पात. मार्च महिन्यात आमचे वडील, आबा, गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मंगलला तार मिळेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता आणि रजा, परवानगी, तिकीट यांची जुळवाजुळव होईपर्यंत तेरावंही उरकलं. ती येऊ शकली नाही. त्यानंतर तिची पत्रं नेहमीसारखी येत राहिली, पण त्यांत आबांचं नावच नसायचं. मला ते बरं लक्षण वाटेना. मे महिन्याच्या सुट्टीत आपणच जाऊन यावं असं मी ठरवलं आणि दत्तारामच्या साहेबाने व्हिसाचं जमवून दिलं.

निघायच्या आठवडाभर आधी खारबावच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. जानेवारीत मुंबईहून टीव्हीचे लोक गावात येऊन गेले होते. संध्याकाळी साडेसहाला शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागतो त्यात त्यांना खारजमीन दाखवायची होती. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि आतल्या जमिनीत भात घ्यायचा, हा आमच्याकडचा पिढ्यानपिढ्यांचा उद्योग, आणि बांधातलं आबांइतकं कळणारा माणूस गावात दुसरा नव्हता. तर तो कार्यक्रम मे महिन्यातल्या अमुक गुरुवारी दाखवू, असं कार्डावर लिहिलं होतं. त्या गुरुवारी मी मस्कतला असणार होतो.

आता माझा गुन्हा सांगून टाकतो. टीव्हीवाले येणार हे कळल्यावर मी सलग तीन संध्याकाळ खारबावला जाऊन आबांना शिकवलं होतं. टीव्हीवर गावठी बोलायचं नाही, असं सांगितलं. "आमच्या गावातील जमीन क्षारयुक्त असून..." इथपासून पुढची दहा-बारा वाक्यं पाठ करून घेतली. 'हाय' म्हणाले की थांबवायचो, 'न्हाय' म्हणाले की पुन्हा पहिल्यापासून. साठी उलटलेला माणूस माझ्यासमोर मांडी घालून चौथीतल्या पोरासारखा घोकत होता. चित्रीकरणाच्या दिवशी मला शाळेत परीक्षा होती. संध्याकाळी जाऊन विचारलं तर म्हणाले, "तू सांगलास तसाच बोललो. कायबी चुकलो न्हाय." मी खूश झालो. तो खुशीचा क्षण मार्चनंतर मला रोज टोचायला लागला. आबांचा आवाज कुठेच टेप केलेला नव्हता. जो एकमेव होता तो टीव्हीवाल्यांकडे, आणि त्यातून मी आबांना काढून टाकलं होतं. नाक्यावरच्या व्हिडिओवाल्याला सांगून कार्यक्रम टेप करून घेता आला असता. मी मुद्दामच सांगितलं नाही. आईला घेऊन गावात टीव्ही असलेल्या घरी बस, एवढंच बायकोला सांगून मी विमानात बसलो.

मत्रा, शुक्रवार

माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा सुके बोंबील जास्त होते. शिवाय जवळा, तांदळाचं पीठ आणि आईच्या हातचा मसाला. मस्कतच्या विमानतळावर बॅग उघडली तसा आजूबाजूचा माणूस जरा लांब सरकला. कस्टमच्या अंमलदाराने एक बोंबील दोन बोटांत धरून वास घेतला आणि दुसऱ्याला हाक मारली. मी मनात दंडाची तयारी केली. दुसऱ्यानेही वास घेतला. मग पहिल्याने मला हिंदीत विचारलं, "बंबई का?" मी म्हणालो, "खारबाव का." त्याने अगदी जाणत्या माणसासारखी मान हलवली आणि बॅग बंद करून दिली. पुढे मत्राच्या बाजारात वाळवलेल्या माशांचे ढीग पाहिले तेव्हा कळलं की तो माणूस आपल्यातलाच होता.

कॅम्पातल्या एका खोलीत पाहुणा ठेवायची सोय नाही. म्हणून दत्तारामने रजा घेऊन मस्कतच्या मत्रा बंदरापाशी समुद्रासमोर एक फ्लॅट घेतला होता. सुट्टीवर आलेल्यांना अशी घरं आठवड्याच्या बोलीवर सामानासकट देतात. गाद्या, भांडी, माझ्या उंचीचा फ्रीज, थंड हवेची पेटी, कोपऱ्यात रंगीत टीव्ही. आपल्याकडे पाहुणा जातो तो कुणाच्या तरी घरी जातो. इथे यजमान आणि पाहुणा दोघेही परक्याच्या घरात, त्यामुळे चहाची साखर कुठल्या डब्यात हे मंगललाही शोधावं लागत होतं.

मला तिथे पहिली अडचण झाली ती शांततेची. भिवंडीत मी लूमच्या कारखान्याच्या वर राहतो. खाली बारा माग दिवसरात्र चालू, त्यामुळे आम्ही सगळे एकमेकांशी हाकेच्या आवाजात बोलतो आणि टीव्ही लावला की आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवतो. शुक्रवारी वीज बंद म्हणून माग बंद, त्या दिवशी आम्हाला चुकल्यासारखं होतं. दत्तारामची भर म्हणजे तो क्रेनवर बसून खाली ओरडणारा. मंगलही आमच्याचसारखी. मी सवयीने टीव्ही लावला, बटण पूर्ण फिरवलं. अरबी बातम्या लागल्या. त्या कुणालाच समजत नव्हत्या, पण बंद करायचंही कुणाला सुचलं नाही आणि आम्ही तिघं त्यांच्या वरच्या पट्टीत गप्पा मारू लागलो.

पाच-दहा मिनिटांत दारावर टकटक झाली. साठीचे एक गृहस्थ उभे होते, पांढरा सलवार-कमीज, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.

"माफ़ कीजिए," ते अदबीने म्हणाले, "नीचे हम समझे कि ऊपर झगड़ा हो रहा है।"

"झगडा नहीं," मी म्हणालो, "हम बातें कर रहे थे."

"अच्छा." त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. "आप लोग अरबी समझते हैं?"

"नहीं."

"तो फिर इतने ज़ोर से क्यों सुनते हैं?"

मंगलने हसू दाबत टीव्ही बंद केला आणि त्यांना चहाला बसवलं. फरीदसाहेब कराचीचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे येऊन राहिलेले, खालच्याच मजल्यावर. दिवसभर करायचं काय म्हणून त्यांनी गच्चीवर पाण्याच्या नळाचा उंच खांब उभारून त्याला स्वतः वाकवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना लावला होता आणि त्यावर समुद्रापलीकडचं कराचीचं टीव्ही केंद्र पकडत होते. मी विचारलं, इतक्या लांबून येतं?

"गर्मियों में समंदर के ऊपर हवा की एक छत बन जाती है। तस्वीर उसके नीचे-नीचे चली आती है। कराची रोज़ आती है।" चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "बंबई मेहमान है। आई तो आई।"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. येत्या गुरुवारबद्दल मी मंगलला अजून काहीच सांगितलं नव्हतं, आणि फरीदसाहेब गेल्यावरही सांगितलं नाही.

मत्रा, सोमवार

सकाळी मासळी बाजारात गेलो. मासे कापायला पुरुष बसतात, आणि सुरमईचे तुकडे एवढ्या मुकाट्याने कापतात की आपल्या कोळणींना तो बाजार वाटणारच नाही. मंगलने भाव करायचा प्रयत्न केला. मासेवाल्याने ऐकून घेतलं, हसला, आणि पहिलाच भाव परत सांगितला. घरी येऊन तिने माझ्या मसाल्यात कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. आम्हा दोघांना वाढलं. स्वतः मात्र अर्धी भाकरी चिवडत बसली. दत्तारामने मला डोळ्यांनी खुणावलं, की हे असंच चाललं आहे.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बंदराच्या कठड्यावर आम्ही दोघं बहीणभाऊ बसलो होतो. समोर लाकडी गलबतं. मंगल एकदम म्हणाली, "दादा, खरा सांग. जाताना आबानी माजा नाव काढलान का?"

खोटं सांगणं सोपं होतं. पण मंगलला ते कळलं असतं.

"नाही गं. त्यांनी कुणाचंच नाव काढलं नाही. झोपेतच गेले."

तिने मान डोलावली. "मना वाटलाच. आन दादा, मना त्याचा आवाज आठवत न्हाय. चेहरा येतो समोर. बोलतो पन. आवाज न्हाय येत." हे ती इतक्या साधेपणाने बोलली की मलाच रडू आलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मार्चपासून ती रडलीच नव्हती, हे मला दत्तारामने सांगितलं होतं.

मग मी कार्डाचं सांगितलं. गुरुवारी, आपल्या साडेसहाला, मस्कतच्या पाच वाजता, आबा टीव्हीवर बोलणार आहेत. "तीन रोज झालं तुला येऊन," ती म्हणाली, "आन आता सांगतस?" उत्तराची वाट न बघता ती उठली आणि चालू लागली. मी मागून. ती थेट फरीदसाहेबांच्या दाराशी जाऊन थांबली.

माझ्या शाळकी हिंदीत मी सगळं सांगितलं. फरीदसाहेबांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाले, "पाँच बजे मुश्किल है। बंबई सूरज डूबने के बाद आती है।" मग मंगलकडे पाहून त्यांनी चपला घातल्या. "चलिए, ऊपर चलके देखते हैं।"

मत्रा, बुधवार

दोन दिवस आमचं मस्कत-दर्शन म्हणजे इमारतीची गच्ची. किल्ला खालूनच पाहिला, राजवाडा राहिलाच. दत्तारामला खांबाचं काम मिळालं कारण एवढं वजन सावकाश फिरवायचं तंत्र त्याच्याकडे होतं. फरीदसाहेबांनी गच्चीवरून आमच्या फ्लॅटमध्ये वायर सोडली आणि टीव्हीमागे बूस्टरची छोटी पेटी जोडली. कराचीपासून अँटेना जरा उजवीकडे फिरवला की मुंबई, असं गणित होतं. पण दोन्ही केंद्रं टीव्हीच्या एकाच चॅनेल-नंबरावर येत असल्याने एकमेकींवर चढत. कराचीच्या बातम्या देणाऱ्या बाईंच्या खांद्यावर मुंबईचे एक गृहस्थ तबला वाजवताना आम्ही पाहिले.

मंगळवारी दिवे लागल्यावर मुंबई अशी स्वच्छ आली की साबणाच्या जाहिरातीतली बाई पाहून मंगल टाळ्या वाजवू लागली. मराठी शब्द कानावर पडला तसा दत्ताराम तर गच्चीवरून धावत खाली आला आणि तेवढ्यात चित्र गेलं, म्हणून परत वर धावला. पण बुधवारी पाच वाजता रंगीत तालीम घेतली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. सव्वापाच, साडेपाच, मुंग्याच. फरीदसाहेब खांबाला टेकून समुद्राकडे बघत म्हणाले, "हवा तेज़ है। छत टूट जाती है। कल हवा न हो, ये दुआ कीजिए।"

खरं सांगायचं तर मी काय मागावं हेच मला कळत नव्हतं. चित्र आलं नाही तर मंगलचं काय होईल याची धास्ती होती. आणि आलं, तर त्यात माझा पाठ म्हणून दाखवणारा एक परका माणूस दिसणार होता. तिला उरल्या आयुष्यात आबांचा आवाज म्हणून तोच आठवणार. त्यापेक्षा मुंग्या बऱ्या, असंही मनात येऊन गेलं, आणि मग स्वतःचीच शिसारी आली.

मत्रा, गुरुवार

दुपारपासून वारा पडला. इतकं उकडत होतं की कठड्याला हात लावता येत नव्हता. फरीदसाहेब मात्र उकाडा वाढेल तसे खुलत होते. साडेचारला ते आणि दत्ताराम खांबापाशी, मंगल टीव्हीसमोर चटईवर, आणि मी दोन्हीच्या मधे, बाल्कनीत, डोकं आत आणि आवाज वर. गच्चीपर्यंत निरोप पोचवायला दुसरं साधन नव्हतं. भिवंडीचा गळा पहिल्यांदाच सत्कारणी लागत होता.

पाचला दहा मिनिटं असताना मला राहवेना. "मंगल," मी म्हणालो, "तुला एक सांगायचं राहिलंय. आबा कदाचित वेगळंच बोलतील. मी त्यांना शिकवलं होतं. पुस्तकातलं. तीन दिवस घोकून घेतलं."

तिने वळून पाहिलं. "तू आबाला शिकवलंस?"

"हो."

"आन त्यो शिकला?"

"म्हणाले, तू सांगितलंस तसंच बोललो."

ती परत मुंग्यांकडे तोंड करून बसली.

पाच वाजले. मुंग्या. "जरा उजवीकडे," मी ओरडलो. पाच वाजून दहा मिनिटांनी आधी आवाज आला, चित्राशिवाय. कुणीतरी भाताच्या रोपांवरच्या किडीबद्दल सांगत होतं. मराठीतली किडीची माहिती इतकी मन लावून मी कधी ऐकली नव्हती. मग मुंग्या पातळ झाल्या, त्यांच्यामागे आडव्या रेघा आल्या, रेघांमधून खाडी दिसली. मी खाडी ओळखली. "थांबा," मी ओरडलो, "हात लावू नका, तसंच ठेवा."

बांधावर आबा उभे होते. मी आणून दिलेला पांढरा सदरा घातलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हात दोन्ही बाजूंना शिपायासारखे ताठ. आणि त्यांनी सुरुवात केली, "आमच्या गावातील जमीन क्षारयुक्त असून, भरतीच्या वेळी..." एकेक शब्द जड ओझं खाली ठेवावं तसा.

मंगलचे खांदे खाली आले. "ह्यो आबा न्हाय," ती हळू म्हणाली. मला तिथून उडी मारावीशी वाटली. तेवढ्यात चित्र गेलं आणि कराचीचं गाणं सुरू झालं.

"गेलं," मी वर ओरडलो, "मागं घ्या, थोडं मागं."

दत्तारामने काय केलं देव जाणे. गाण्याच्या खालून आबांचाच आवाज वर आला, पण हा आवाज निराळा होता. मोठा, खरखरीत, बांधाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाणारा.

"ओ सायेब, तिथं उभं ऱ्हावं नका. पानी भरतंय. पाय रुतंल, मंग काढाया मना चार मानसा बोलवावी लागतील."

चित्र आलं. कॅमेरा डगमगत मागे सरकत होता. आबांनी सदऱ्याची वरची बटणं सोडली होती, हात सुटले होते आणि ते कॅमेरावाल्याला बोटाने सुकी जागा दाखवत होते. तिथून पुढे त्यांना माझ्या पाठाची आठवण राहिली नाही. खेकडा बांधाला भोक कसं पाडतो, ते बोटाएवढं भोक एका रात्रीत बांध कसा नेतं, चिखल कुठला घ्यायचा, गवत कुठलं लावायचं, सगळं ते हातवारे करून सांगत होते, 'हाय' आणि 'न्हाय' यांची नुसती झोड. मी दर वाक्याला थांबवलं असतं असं ते बोलणं, आणि मी बाल्कनीच्या दाराला धरून उभा होतो, एकही शब्द निसटू नये म्हणून.

मुलाखत घेणाऱ्या तरुणाने विचारलं, "आजोबा, तुमच्यानंतर हे सगळं कोण बघणार?"

आबा हसले. "पोरगा मास्तर हाय. त्याला खारीतला कायबी समजत न्हाय. मना तीन रोज बोलायला शिकवत व्हता." बांधावर जमलेली माणसं हसली. मग आबा खाडीकडे बघून म्हणाले, "पोरीला सगला म्हायती हाय. माजे मंगलला. बांधाला भोक कुठं हाय ता ती नुसती चालून सांगायची, पायाला गार लागला का. ती आता हितं न्हाय. लांब हाय. पन कवाबी इचारा तिला, ती सांगल."

मुंग्या आल्या आणि मग नुसत्या मुंग्याच राहिल्या. मंगलने आपले दोन्ही पाय पुढे घेऊन तळव्यांवर हात ठेवले होते आणि ती रडत होती, मोठ्याने, आमच्या घरच्या पद्धतीने, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं. मी तिच्याशेजारी बसलो. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. एका वाक्यापुरतं माझं ऐकून त्या माणसाने मला राजी ठेवलं होतं आणि बाकी सगळं स्वतःचं बोलून घेतलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी रडता रडता हसायला लागलो.

फरीदसाहेब दारात आले होते. रडणं ऐकून आधी घाबरले असावेत.

"मिले?" त्यांनी विचारलं.

"मिले," मंगलच म्हणाली.

त्यांनी चष्मा काढून पुसला, दोरा नीट केला, आणि खांब परत कराचीकडे फिरवायला वर गेले. सात वाजता त्यांची मालिका होती.

त्या संध्याकाळी मंगल तीन भाकऱ्या जेवली. उरलेल्या दिवसांत आम्ही किल्ला पाहिला, खजुराच्या बागा पाहिल्या, केशर आणि गुलाबपाणी घातलेला ओमानी हलवा खाल्ला. तो हाताला चिकटतो आणि पहिल्या घासाला अति गोड वाटतो, दुसऱ्याला कमी. मंगल वाटेत भेटेल त्याला आबांचं सांगत होती. फरीदसाहेबांच्या सुनेला तर तिने खेकड्याचं भोक मातीने बुजवायची रीत करून दाखवली, पीठ मळून. वरच्या पट्टीतल्या आमच्या गप्पा पुन्हा चालू झाल्या. त्यानंतर खालून कुणी टकटक केली नाही.

खारबाव

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आईकडे गेलो. मला वाटलं, तिने पाहिलंच असेल, आता एकमेकांना सांगू. ओटीवर पाऊल ठेवायच्या आत बायकोने हकीकत सांगितली. त्या गुरुवारी सहालाच गावातली वीज गेली. टीव्ही असलेल्या घरी अर्धं गाव जमलेलं, आई पुढे पाटावर बसलेली. काळ्या पडद्यासमोर सगळे तासभर बसून राहिले. वीज आली तेव्हा बातम्या चालू होत्या. म्हणजे अख्ख्या खारबावात कुणी पाहिलं नव्हतं, आणि समुद्रापलीकडे आम्ही दोघांनी पाहिलं होतं.

आई आतून आली. माझ्यासमोर बसली. मागोमाग शेजारपाजारचे आले, बांधावर त्या दिवशी हजर असलेलेही आले.

"तुमी बघितलाव?" आईने विचारलं.

"बघितलं."

"मंगलनी बघितलान?"

"बघितलं. रडली. नंतर जेवली."

आईने डोळे मिटले आणि उघडले. "काय बोलला त्यो?"

मी घसा साफ केला. "आबांनी खारजमिनीच्या बांधाची सविस्तर माहिती दिली. खेकड्यांमुळे बांधाला भोकं पडतात, म्हणून वेळोवेळी..."

"तसा नको," आई म्हणाली. "त्यो बोलला तसा सांग."

कॉलेजात गेल्यापासून ती बोली मी चारचौघांत तोंडातून काढली नव्हती. माझ्या शाळेतली दोन पोरंही त्या घोळक्यात उभी होती. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"ओ सायेब," मी मोठ्याने सुरुवात केली, "तिथं उभं ऱ्हावं नका. पानी भरतंय."

'मास्तर हाय, त्याला कायबी समजत न्हाय' या जागेवर सगळी ओटी हसली आणि त्यांच्यात आईही तोंडाला पदर लावून हसली. मंगलचं सांगितलं तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला. माझं संपल्यावर तिने पदर खाली घेतला.

"आजून एकदा सांग," ती म्हणाली.

मी सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि पहिल्यापासून सांगितलं.